अर्धी सुरक्षित गाडी

१९४६ सालची गोष्ट. बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर बेन कार्लिन या ऑस्ट्रेलियन अभियंत्याला युद्धात वापरलेली फोर्डची ‘जीपीए’ दिसली. म्हणजे होडीच्या आकारात बसवलेली जीपच. जमिनीवर चाकं, पाण्यात मागचा पंखा. ती बनवली होती नदी-नाले ओलांडायला. कार्लिननं ठरवलं, हिच्यातून जगाची फेरी मारायची!

पुढं अमेरिकेत तशीच गाडी घेऊन त्यानं ती स्वतःच्या हातानं बदलली. नाक लांबवलं, वर बंद केबिन चढवली, पेट्रोलच्या टाक्या वाढवल्या. एक टाकी तर दोरानं मागं ओढत नेली. समुद्रात पंप कुठून आणणार?

सुरुवातीचे प्रयत्न फसले. अखेर जुलै १९५० मध्ये तो पत्नी एलिनोरसह कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघाला आणि अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांना लागला. केबिनमध्ये पेट्रोलचा वास, झोपायला एकाचीच जागा. पुढं एलिनोरनं प्रवास सोडला. तो थांबला नाही. मे १९५८ मध्ये मॉन्ट्रियलला फेरी पुरी झाली.

गाडीचं नाव त्यानं एका जाहिरातीवरून ठेवलं होतं, ‘हाफ-सेफ’, अर्धी सुरक्षित. इतिहास कार्लिनची जिद्द सांगतो. मला मात्र त्या चिंचोळ्या केबिनमध्ये अर्धा धोका वाटून घेणारी एलिनोरही आठवते.