अर्धी स्प्रिंग काढून टाकल्यावर

जुन्या मर्सिडीज बाळगणाऱ्यांमध्ये एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. मागच्या चाकांवरचे, ओझे वाढले तरी गाडीची उंची राखणारे सेल्फ-लेव्हलिंग सस्पेन्शन गळू लागले की त्याच्या नादी लागू नये. सगळे उतरवावे, साध्या स्प्रिंगा आणि साधे शॉक-अॅब्सॉर्बर घालावेत, पंपाचे तोंड बंद करावे आणि मोकळे व्हावे. पूर्वपक्षाची भूमिका थोडक्यात अशी: ही व्यवस्था म्हणजे ऐषारामाची वरकड भर आहे, वय झाले की ती गळणारच, तिच्यामुळेच गाडी मागून आदळते, आणि ती काढल्याने गाडीचे काही बिघडत नाही. गळण्याविषयीचे विधान खरे आहे. बाकीची तिन्ही मला मान्य नाहीत, आणि ज्यांच्या गाडीतून ही व्यवस्था आधीच्या मालकाने काढून टाकली आहे त्यांनी ती परत बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी ‘वरकड भर’ हा मुद्दा. १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मर्सिडीजने १२३ मालिकेची इस्टेट गाडी मांडली. तिच्या मागच्या चाकांवर हे लेव्हलिंग जादा पैसे मोजून घ्यायची सोय म्हणून नव्हते. डिझेल असो वा पेट्रोल, ते मुळातच होते. पुढे १२४ मालिकेच्या इस्टेटमध्येही तेच राहिले. सलूनमध्ये ते बहुधा पर्याय म्हणून मिळे, हे खरे. पण जिथे मागे ओझे येणार हे ठरलेलेच होते, तिथे कंपनीने निवड ग्राहकावर सोडली नाही. याचे कारण साध्या गणितात आहे.

आरामदायी गाडीचा मागचा भाग सेकंदाला साधारण एकदा वर-खाली डोलावा, अशी अपेक्षा असते. पोलादी स्प्रिंगेवर इतकी संथ लय हवी असेल, तर ती स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली सुमारे २५ सेंटीमीटर दबलेली असावी लागते. आता मागच्या चाकांवरचे ओझे ६०० किलोंवरून ८४० किलो झाले, म्हणजे तीन माणसे मागे बसली आणि डिकी भरली, असे धरू. तीच स्प्रिंग आणखी १० सेंटीमीटर दबते. चाकाला वर जायला ठेवलेली जागा बहुतांशी तिथेच संपते आणि पुढच्या खड्ड्यात गाडी रबरी बफरवर आपटते. हे टाळायला स्प्रिंग दुप्पट कडक केली तर गाडी निम्मीच बसते, पण एकटा चालक जात असताना तीच गाडी मागून उडत राहते. मऊ ठेवा आणि बसू द्या, किंवा कडक करा आणि आदळू द्या. नुसत्या पोलादापुढे तिसरी वाट नाही.

ती तिसरी वाट फ्रान्समध्ये सापडली. सित्रोएनच्या पॉल माजेस या अभियंत्याने विकसित केलेली तेल-वायूची व्यवस्था १९५४ मध्ये ‘१५-सिक्स एच’ या गाडीवर प्रथम आली, आणि ती फक्त मागच्या चाकांवर होती. चारही चाकांवर ती दिसली पुढच्या वर्षी, पॅरिसमध्ये डीएस मांडली तेव्हा. रोल्स-रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोसाठी सित्रोएनच्या परवान्याने लेव्हलिंग घेतले, ते पुढेही आणि मागेही. चार वर्षांनी त्यांनी पुढचे काढून टाकले, कारण जवळजवळ सगळे काम मागचेच करत होते. अनावश्यक यंत्रणा काढायची तयारी या कंपनीकडे होती हे त्यावरून दिसते. आणि मागची तिने ठेवली, हेही तितकेच ध्यानात घ्यायला हवे. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये तर मागच्या अॅक्सलवर बोगे कंपनीचे एक नळकांडे होते, ते अॅक्सलच्या हालचालीतूनच स्वतःत दाब भरून घेई. त्या गाडीच्या स्प्रिंगा इतक्या मऊ ठेवता आल्या त्या या नळकांड्याच्या जिवावर.

मर्सिडीजमधली रचना अशी. इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो. अँटी-रोल बारला जोडलेली एक दांडी गाडी किती बसली हे लेव्हलिंग व्हॉल्व्हला कळवते, आणि व्हॉल्व्ह मागच्या दोन स्ट्रटमध्ये तेल सोडतो किंवा परत टाकीत जाऊ देतो. प्रत्येक स्ट्रटला एक अॅक्युम्युलेटर जोडलेला असतो. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन. चाक वर आले की तेल पडद्यावर रेटते आणि वायू दबतो. म्हणजे नायट्रोजन हीच इथली दुसरी स्प्रिंग आहे. पोलादी स्प्रिंगही शेजारी असतेच, पण साध्या गाडीच्या स्प्रिंगेपेक्षा मऊ, कारण वजनाचा उरलेला वाटा तेल उचलते. शिवाय ओझे वाढले की वायूचा दाब वाढतो आणि ही स्प्रिंग आपोआप कडक होते. पोलादाला हे जमत नाही.

आता ‘गाडी मागून आदळते’ या तक्रारीकडे येऊ, कारण सगळा गैरसमज इथेच रुजला आहे. नायट्रोजन रबरी पडद्यातून वर्षानुवर्षे हळूहळू निसटतो. तो संपला की पडद्यापलीकडे दबायला काही उरत नाही. तेल दबत नाही, स्ट्रट लोखंडी कांबीसारखा होतो आणि प्रत्येक धक्का थेट बॉडीत जातो. मालकाला गाडी असह्य वाटते. मग तो सगळे उतरवून नव्या साध्या स्प्रिंगा घालतो, गाडी लगेच सुधारते, आणि श्रेय स्प्रिंगांना मिळते. पण ही तुलना मेलेल्या अॅक्युम्युलेटरची आणि नव्या स्प्रिंगेची आहे. नव्या अॅक्युम्युलेटरशी तुलना केली असती तर निकाल उलट लागला असता. अॅक्युम्युलेटर ब्रेक पॅडसारखाच झिजून बदलायचा भाग आहे, आणि ते फक्त दोन असतात. डिकीवर जोर देऊनही गाडीचा मागचा भाग हलत नसेल, तर सगळी यंत्रणा नव्हे, ते दोन अॅक्युम्युलेटर संपले आहेत, असे आधी समजावे.

काढल्याने काही बिघडत नाही, हे विधान रात्री भरल्या गाडीने प्रवास करणाऱ्याला पटणार नाही. १२४ ची दोन अॅक्सलमधली लांबी २.८ मीटर आहे. मागचा भाग ५ सेंटीमीटर बसला, तर हेडलाइटचा झोत ५० मीटरवर सुमारे ९० सेंटीमीटर वर जातो, म्हणजे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत. १२३ आणि १२६ या मालिकांच्या मागच्या सेमी-ट्रेलिंग आर्ममुळे गाडी बसली की चाके वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. लेव्हलिंग केवळ बसणाऱ्याचा आराम पाहते असे नाही. चाक ज्या उंचीसाठी आखले आहे तिथे ते राखते.

परत बसवताना एक चूक हमखास होते, ती सांगितलीच पाहिजे. स्ट्रट, व्हॉल्व्ह, पंप सगळे मिळवले जाते आणि मधल्या काळात घातलेल्या कडक स्प्रिंगा तशाच ठेवल्या जातात. मग वजन स्प्रिंगाच उचलतात, स्ट्रटमध्ये दाब चढत नाही, तो अॅक्युम्युलेटरमध्ये आधीपासून भरलेल्या वायूच्या दाबापेक्षा कमी राहतो, आणि तेल पडद्याला हलवूच शकत नाही. सगळे भाग नवे असून गाडी आदळते, आणि पूर्वपक्षाला आणखी एक पुरावा मिळतो. म्हणून पहिली खरेदी मूळ मऊ स्प्रिंगांची करावी. गाडी मुळात या व्यवस्थेची होती का, हे तिच्या डेटा कार्डावरच्या ४८० या संकेतांकावरून कळते. इस्टेटला मात्र तो शोधायची गरज नाही.

पूर्वपक्षातला एक भाग मी मोकळेपणाने मान्य करतो. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाड्यांचे पोलादी पाइप कुजतात. आणि कोणी ते मधोमध कापून टाकले असतील, तर पुढून मागेपर्यंत नवे पाइप वळवून बसवणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. एकट्याने चालवल्या जाणाऱ्या सलूनसाठी तो खर्च कोणी टाळला, तर मी त्याला दोष देणार नाही. इस्टेटच्या बाबतीत मात्र मी ही सवलत देत नाही. आणि काढायचेच ठरले असेल, तर व्हॉल्व्ह, पंप आणि त्या मऊ स्प्रिंगा भंगारात घालू नयेत; पाइप कापण्याऐवजी जोडाशी सोडून तोंडे बंद करून ठेवावीत. पुढच्या मालकाला बरेचसे कष्ट त्या पाइपांचेच पडतात.