शनवार तेली आणि बगदादी शेठ

मुंबईच्या घाऊक बाजाराशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे अशा कोल्हापूरकराला मशीद बंदर ठाऊक नाही असे व्हावयाचे नाही. स्टेशनावर उतरले की हमाल, हातगाड्या, मिरचीचा ठसका आणि तेलाच्या डब्यांचा खडखडाट. पण या स्टेशनाला ज्या मशिदीवरून नाव पडले असे सांगतात ती मशीद मुसलमानांची नव्हे, यहुद्यांची आहे. कोकणातले यहुदी आपल्या प्रार्थनामंदिराला पिढ्यानपिढ्या मशीदच म्हणत आले. ही जुनी मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधली. दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीत अंमलदार होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. त्यांच्या सुटकेची कथा वडीलधारी मंडळी मोठ्या चवीने सांगत, पण ती कथा आज बाजूला ठेवू. आडनाव मात्र पाहा, दिवेकर! रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, आष्टमकर ही सगळी यहुदी आडनावे आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशा उघडावा आणि गावे मोजत जावीत.

हे लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. फार प्राचीन काळी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचाच हा विस्तार, अशी त्यांची परंपरा आहे. धर्मग्रंथ बुडाले, भाषा विसरली. उरले ते मुलग्यांची सुंता, एक छोटी प्रार्थना, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शनिवारची सुटी. पोटासाठी त्यांनी घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले शनवार तेली. आपल्या गावगाड्याची ही हातोटीच आहे. माणूस जेरुसलेमहून आला की आकाशातून पडला याची चौकशी गाव करीत नाही. तो काय काम करतो आणि केव्हा करीत नाही एवढे पाहून त्याला जातीच्या उतरंडीत कोठे तरी बसवून देते.

आता दुसरे यहुदी पाहू. बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड ससून नावाचा एक व्यापारी बुशहरमार्गे १८३२ साली मुंबईस आला. अफू, कापूस आणि सूत यांच्या व्यापारात त्याच्या घराण्याने जी दौलत मिळवली तिच्या खुणा आजही दिसतात. मुंबईचा ससून डॉक १८७५ चा आहे. पुण्याचे ससून रुग्णालय आणि लाल देऊळ ही त्याच घराण्याची देणगी. भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि फोर्टातले केनेसेथ एलियाहू ही प्रार्थनामंदिरे त्यांचीच. बगदादहून, बसऱ्याहून, अलेप्पोहून आणखी कुटुंबे आली. ती सारी ‘बगदादी’ या एका नावाने ओळखली जाऊ लागली.

एक धर्म, एक देव, एकच शनिवार. तेव्हा ही दोन घरे एकत्र नांदली असतील असे कोणालाही वाटेल. ससूनला मुंबईत येऊन पुरती चार वर्षे झाली नव्हती, तोच १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी! जिवंतपणी शेजारी नको हे आपण सोसायट्यांच्या सभांत ऐकतो, पण मेल्यावरही शेजार नको हे जरा जास्तच झाले. कारण दिले ते शुद्धतेचे. यांचे रक्त मिसळलेले, यांची लग्ने-फारकती शास्त्राप्रमाणे झालेली नसणार, हा आक्षेप. मनातले कारण बहुधा निराळे असावे. गोऱ्या साहेबाच्या राज्यात आपली गणना ‘नेटिवां’त होऊ नये यासाठी बगदाद्यांची पुष्कळ खटपट चालली होती, आणि नऊवारी नेसणारी, मराठी बोलणारी, मंगळसूत्र घालणारी यहुदीण शेजारी उभी राहिली की ती खटपट फुकट जाई.

येथे बेने इस्राएलांची कड घेऊन मोकळे होता येत नाही. त्यांच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. ज्याची आई इस्राएल नव्हे तो काळा. गोऱ्याने काळ्याकडे मुलगी द्यावयाची नाही, पंक्तीला घ्यावयाचे नाही. वरच्या पायरीवरच्याने लाथ मारली म्हणून कण्हणारा माणूस स्वतः खालच्या पायरीवर कोणाच्या बोटांवर उभा आहे हे पाहत नाही. ही विद्या ते आपल्यापासूनच शिकले असणार, दुसरीकडून शिकण्याची गरजच नव्हती.

दोघांच्या मिळकतीची तुलना करू लागले म्हणजे खरी मौज कळते. बगदादी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ससूनची हवेली येते. पण हवेल्या चार-दोन होत्या. त्यांच्या भोवती बगदाद्यांचाच एक मोठा समुदाय होता. कारकून, फेरीवाले, ससूनच्या गिरण्यांत काम करणारे, आणि बरेचजण शेठच्या धर्मादायावर जगणारे. शाळा फुकट, औषध फुकट, सणाला कपडे फुकट. आठवीच्या वर्गात सरासरी शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो, की एका घरात शंभर भाकऱ्या आणि नऊ घरांत चूल थंड असेल तरी सरासरीने दर घरी दहा भाकऱ्या येतात. बगदाद्यांची श्रीमंती ही बरीचशी अशी सरासरीची श्रीमंती होती.

बेने इस्राएलांकडे हवेली नव्हती. पण भिक्षापात्रही फारसे नव्हते. अठराव्या शतकात ते मुंबईस आले ते सुतारकाम, गवंडीकाम करीत आणि पलटणीत भरती होत. कंपनीच्या मुंबई लष्करात त्यांच्यातले कितीतरी सुभेदार झाले. पुढे लष्करात जातवार पलटणींची पद्धत आली. मूठभर लोकांची स्वतंत्र पलटण कोठून निघणार? तो दरवाजा मिटत गेला. तेव्हा त्यांनी लेखणी धरली. रेल्वे, पोस्ट, कस्टम, सरकारी कचेऱ्या, इस्पितळे. पुरुष कारकून आणि बायका शिक्षिका नाहीतर परिचारिका. पहिल्या तारखेला पगार, विसाव्या तारखेला उसनवारी, पण मुलांच्या फीत कसूर नाही. हा संसार आपल्या ओळखीचा आहे.

त्याला शाळा कारणीभूत झाली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. याच केहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखक वारल्यावर कितीतरी वर्षांनी. (हस्तलिखित पेटीत ठेवून वाट पाहणाऱ्या मराठी लेखकांनी यातून हवा तो दिलासा घ्यावा.) केहीमकरांच्या शाळेला पुढे एली कदूरी यांचे नाव मिळाले. कदूरी हे बगदादी धनिक! कबरस्तानात भिंत मागणाऱ्या समाजातल्याच एकाची देणगी शनवार तेल्यांच्या नातवंडांच्या शिक्षणाला लागली. मनुष्यस्वभाव एकरंगी नसतो तो असा. शाळेच्या मुख्याध्यापिका रिबेका रुबेन यांनी १९२२ पासून १९५० पर्यंत ती चालवली. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमान बोर्डिंग आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहे उभी केली, त्याच्या मागेही हेच मर्म होते. ‘मागासलेले’ या एका शब्दाखाली निरनिराळी घरे निरनिराळ्या कारणांनी अडलेली असतात. एकच किल्ली सगळ्या कुलपांना चालत नाही.

या शिक्षणाचे पीक मोठे आले. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, वरळीच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. आपल्याजवळच्या औंध संस्थानात जेकब बापूजी इस्राएल यांनी कारभारी म्हणून काम पाहिले. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड, हे मूळचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. निस्सीम इझिकिएल यांना १९८३ मध्ये इंग्रजी कवितेसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि तरीही १९३० नंतर रंगूनच्या प्रार्थनामंदिरात बेने इस्राएलांना मत देऊ द्यावे की नाही यावर बगदाद्यांशी कोर्टकचेरी झाली. हायकोर्टाने निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने दिला. आपण यहुदी आहोत हे यहुद्यांना पटवण्यासाठी इंग्रज न्यायाधीशाकडे जावे लागले!

एका नावाखाली दोन नशिबे असा प्रकार आपल्याकडेच घडला असे नव्हे. पनामाचा कालवा अमेरिकेने १९०४ ते १९१४ या काळात पुरा केला. त्या कामावर दोन याद्या होत्या, सोन्याची आणि चांदीची. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत. बार्बाडोस, जमेकाहून आलेल्या काळ्या मजुरांना चांदीच्या. पोस्टाच्या खिडक्यासुद्धा निराळ्या. त्या मजुरांचे पुष्कळ वंशज पुढे न्यूयॉर्कला गेले. इंग्रजी त्यांना घरचीच होती, शाळेकडे ओढा होता. आज अमेरिकेच्या शिरगणतीत स्पॅनिश मुलखांतून आलेल्या सर्वांना एकाच मथळ्याखाली मोजतात. त्या मथळ्याच्या सरासरीपेक्षा पनामाच्या लोकांचे शिक्षण वर निघते. मेक्सिकोच्या शेतमजुराचा आणि कालव्यावरच्या कारकुनाच्या नातवाचा रकाना एक, पण ते अमेरिकेच्या दारात आले ते निरनिराळ्या वाटांनी.

आपल्या शनवार तेल्यांची वाट १९४८ नंतर पुन्हा समुद्रापार गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या वर होती. इस्राएलचे राज्य झाले आणि दरसाल कुटुंबे निघू लागली. येथे कोणी छळले म्हणून नव्हे. छळ या देशात त्यांना ठाऊकच नव्हता, हे ते स्वतः आवर्जून सांगत आले आहेत. गेले ते धर्माच्या ओढीने आणि मुलांना पुढे काही बरे मिळेल या आशेने. बगदाद्यांपैकी ज्यांची ऐपत होती ते लंडनला आणि ऑस्ट्रेलियाला गेले. ऐपत पाहून देश निवडता येतो. मुंबईच्या कचेरीतला कारकून मात्र बीरशेबाच्या वाळवंटात उतरला. त्याच्या हातात फावडे आले.

त्याच वेळी तेथे आणखी एक नवल घडत होते. १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत इराकमधून सव्वा लाखाच्या आसपास यहुदी विमानांनी इस्राएलला नेण्यात आले. त्यांची मालमत्ता इराक सरकारने गोठवली होती. बगदादचे सराफ, वकील, अंमलदार तंबूंच्या छावण्यांत पाण्याच्या नळापाशी रांगेत उभे राहिले. मुंबईत ज्यांच्या नात्यागोत्याच्या लोकांनी कबरस्तानात भिंत मागितली, ते आणि मराठी बोलणारे शनवार तेली आता एकाच चिखलात होते. वरची पायरी युरोपातून आलेल्यांकडे गेली होती. त्यांच्या दृष्टीने बगदाद काय आणि अलिबाग काय, दोन्ही पूर्वेकडचीच.

काही बेने इस्राएलांनी हे सोसले नाही. कामात भेद होतो, रंगावरून हिणवतात, अशी तक्रार करून त्यांनी धरणे धरले, उपोषण केले, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोकांना विमानाने भारतात परत आणून सोडण्यात आले. येथे आल्यावर त्यातले बरेचजण पुन्हा तिकडे जाऊ द्या म्हणून अर्ज करू लागले. वाचकांना याचे हसू येईल. मला येत नाही. दोन्ही घरे आपली असली म्हणजे माणूस कोणत्याच उंबऱ्यावर स्वस्थ बसत नाही.

याहून मोठा घाव पुढे होता. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या यहुद्याशी लग्न करू इच्छित असेल तर आईची, आजीची, पणजीची, जितके मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. पूर्वी कोणाची फारकत शास्त्रोक्त झाली होती काय, हा मुख्य प्रश्न. ज्या समाजात मराठी शेजाऱ्यांच्या वळणाने फारकत जवळजवळ नव्हतीच आणि विधवा पुन्हा लग्न करीत नसे, त्या समाजाकडे फारकतीचे कागद मागितले गेले! एकशेसव्वीस वर्षांपूर्वीचा मुंबईच्या अर्जातला तोच आक्षेप, शब्द बदलून. ठरलेली लग्ने अडली. अशा वेळी मुलीच्या आईच्या जिवाचे काय होत असेल हे मराठी घरात समजावून सांगावयास नको.

या खेपेस मात्र ते अर्ज करून थांबले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद येथून मंडळी जेरुसलेमला जमली आणि ठाण मांडून बसली. बायका लुगड्यांत होत्या. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या पार्लमेंटने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, त्यांच्यात आणि इतरांत कसलाही भेद नाही. धर्मपीठाला फर्मानातून त्यांचे नाव काढावे लागले.

आज तिकडे भारतातून गेलेल्या यहुद्यांची वस्ती पन्नास हजारांच्या वर आहे. डिमोना हे गाव कापडगिरणीच्या आधाराने वाढले, आणि तेथल्या दुकानांत पोहे, कोकम, मसाले मिळतात. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होतो. नवस फेडताना एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करतात, त्यात गूळ, खोबरे, भिजवलेले पोहे आणि फळे असतात. पोह्यांवाचून तो विधी होत नाही, आणि पोहे काही जेरुसलेमचे नव्हेत.

महाराष्ट्रात आता त्यांची संख्या हजारांत मोजावी इतकी थोडी उरली आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. दाखल्यावर आणि शाळेच्या अर्जावर ‘ज्यू’ असा एक रकाना आला. बगदादी आणि बेने इस्राएल असा भेद त्यात नाही. आता तो करण्याचे प्रयोजनही राहिलेले नाही. मागेन डेव्हिडच्या भव्य दिवाणखान्यात शनिवारची प्रार्थना व्हावयाची तर दहा पुरुष लागतात, आणि ते दहा भरावयाचे तर रोहेकर, पेणकर, दिवेकरांनाच बोलवावे लागते.