वाटा जुन्या, वाटसरू नवे

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आजवर आगगाडी आलेली नाही. मग बंद पडलेल्या लोहमार्गावरून मुलाबाळांसह सायकल फिरवण्याची गोष्ट इथल्या माणसाला कशाला सांगायची, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण आगगाडी इथे आली नाही, तरी तिने या मुलखाच्या वाटा फिरवल्या. शिवाय ज्या वाटेवरून व्यापार उठून गेला तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न विलायतेइतकाच आपल्या शिवारातही आहे. म्हणून आधी थोडे दूरचे पाहू आणि मग घरी येऊ.

इंग्लंडात ब्रिस्टल आणि बाथ ही दोन शहरे. त्यांना जोडणारा एक लोहमार्ग १८६९ साली सुरू झाला. जवळजवळ शंभर वर्षे त्यावरून गाड्या धावल्या. पुढे मोटारी वाढल्या, उतारू घटले आणि १९६६ साली उतारूंच्या गाड्या बंद झाल्या. काही वर्षांनी मालगाड्याही थांबल्या. उरली ती एक लांबलचक रिकामी पट्टी. १९७९ ते १९८६ या काळात तिथल्या सायकलप्रेमी नागरिकांनी बरेचसे काम स्वयंसेवकांच्या हातांनी करून या पट्टीवर सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा रस्ता बांधला. तो सुमारे एकवीस किलोमीटर लांब आहे. बाथच्या बाजूला तो एव्हन नदीच्या संगतीने जातो आणि जुन्या रेल्वेपुलांवरून ती नदी पुन्हा पुन्हा ओलांडतो. मोटारीला तिथे मज्जाव. त्यामुळे आईबाप पुढे, पोरे मागे, अशी कुटुंबेच्या कुटुंबे निर्धास्त जातात.

लोहमार्गच यासाठी इतका सोयीचा का, याचे उत्तर सोपे आहे. आगगाडीला चढ सोसत नाही. म्हणून इंजिनियरांनी टेकडी दिसली की ती कापली, खोलगट भाग आला की भराव घातला, ओढा आला की पूल बांधला. गाडीसाठी केलेली ही सपाटी आठ-दहा वर्षांच्या पोराच्या पायालाही मानवते. दुसरे असे, की ती जमीन सलग होती आणि एकाच मालकीची होती. तिचे तुकडे पडले असते, कोणी कुंपण घातले असते, कोणी घर बांधले असते, तर कितीही पैसा ओतला तरी ती वाट पुन्हा जुळवणे कठीण होते.

आता घरी येऊ. आपल्याकडे या गोष्टीच्या जवळची वाट कोणती म्हणाल, तर नाणेघाटाची. कल्याण आणि सोपारा ही कोकणची बंदरे, तर पैठण ही सातवाहनांची राजधानी. या दोन टोकांमध्ये सह्याद्री आडवा. तो ओलांडण्याची वाट म्हणजे नाणेघाट, आणि घाटमाथ्यावरची पेठ म्हणजे जुन्नर. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. तो ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत असून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. यज्ञ केले, गाई दिल्या, कार्षापण नावाची नाणी दिली, असा त्यात हिशेब आहे. त्या हिशेबात दोन, चार, सहा, सात, नऊ यांसारख्या आकड्यांची चिन्हे आहेत. शिक्षकांनी गणिताच्या तासालाही सांगावी अशी ही गोष्ट आहे. भारतात कोरून ठेवलेल्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी हा एक नमुना आपल्या तालुक्यात आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक परंपरेने सांगतात.

जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूचे काम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांचा संघ. यवन म्हणवणाऱ्या परदेशी दात्यांची नावेही येतात. म्हणजे ही वाट नुसती राजाची नव्हती. कारागिराची होती, वाण्याची होती, परदेशी पाहुण्याचीही होती. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे गड तिच्या आजूबाजूला उभे आहेत, ते उगीच नव्हे.

मग ही वाट मागे का पडली? नाणेघाट हा पायऱ्यांचा घाट. पाठीवर गोणी लादलेला बैल तो चढेल, गाडी चढणार नाही. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी वर आली, आणि १८६५ साली थळघाटातून दुसरी. मालाचा मोठा ओघ या दोन घाटांकडे वळला. नाणेघाट दोहोंच्या मधे राहिला. दळणवळणाचा इतिहास असा निष्ठुर असतो. खुद्द बोरघाटातही तेच झाले. गाडीची दिशा जिथे उलटवावी लागे, तो लोहमार्गाचा तुकडा नवा मार्ग झाल्यावर १९२९ साली टाकून देण्यात आला.

पण व्यापार गेला तरी नाणेघाट मेला नाही, कारण ती वाट कोणी अडवली नाही. आज पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तिथे शाळांच्या सहली येतात, तरुण येतात, घरची मंडळी येतात. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर असा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता कुकडीच्या खोऱ्यातून जातो. वाटेत माणिकडोह धरणाचे पाणी सोबत करते. जवळच पूर गावी कुकडेश्वराचे जुने मंदिर आहे. घाटमाथ्यापर्यंत सायकल आणि पुढे पायऱ्या पायी, असा बेत सवय असलेल्यांना जमण्याजोगा आहे. मात्र एक ध्यानात ठेवा. हा मोटारींचाही रस्ता आहे, आणि मुलूख बिबट्याचा आहे. लहान मुले बरोबर असतील तर पल्ला आखूड ठेवावा आणि उजेड आहे तोवर घरी परतावे. बाथच्या पोरांना जे निर्धास्तपण मिळाले, ते आपल्या पोरांना अजून मिळायचे आहे.

ते कुठे मिळेल? त्यासाठी पुन्हा आपल्याच गावाकडे पाहावे लागेल. आपल्याकडे टाकलेले लोहमार्ग नसतील, पण पाणंदी आहेत, शीवरस्ते आहेत, नदीकाठच्या गाडीवाटा आहेत. गावनकाशा उघडून पाहा. एका तुटक रेघेने पायवाट दाखवलेली असते, दोन तुटक रेघांनी गाडीवाट. आता नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष चालून पाहा. बैलगाडी थांबली, वहिवाट कमी झाली, आणि दर नांगरटीला बांध हातभर सरकत गेला. कुठे वाट निम्मी झाली, कुठे नाहीशीच झाली. कोणी एकाने मुद्दाम गिळली असे नाही, सगळ्यांनी थोडी थोडी खाल्ली. मग शाळेला जाणाऱ्या मुलीला सायकल घेऊन भरधाव ट्रकांच्या कडेने हमरस्त्यावरून जावे लागते, आणि उसाची गाडी शेतातून बाहेर काढताना भावाभावांत भांडण होते.

यावर कायद्यात उपाय आहे. वहिवाटीची वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेताला रस्ताच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून वाट मागता येते. पण खटल्याआधी ग्रामसभा बरी, आणि ग्रामसभेआधी बांधावर बसून केलेली बोलणी त्याहून बरी.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. घोड नदीकाठच्या त्याच्या वाटाही गेल्या. धरणाने शेतीला पाणी दिले. तिथे वाट गेली, ती एका मोठ्या कामासाठी गेली. पण जी वाट पाण्याखाली गेलेली नाही, नुसती आपल्या आळसाने बुजते आहे, तिचे काय? गुरुजींनी आठवी-नववीच्या मुलांना एक काम द्यावे. गावनकाशातली एक वाट निवडावी, ती चालून यावी, आणि ती कुठे आहे, कुठे तुटली, तिच्यावरून पूर्वी काय जात असे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरवावे. ती वही ग्रामसभेपुढे वाचावी. इतिहासाचा एक पाठ होईल, आणि तुटलेली वाट कुठे जोडायची हेही गावाला कळेल.