पांढऱ्या आजोबाचे नातू : जर्मन शेफर्ड आणि रंगाचा प्रश्न

तत्त्वज्ञानाच्या माणसांनी आज कुत्र्यावर बोलायचं ठरवलंय म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण ॲरिस्टॉटल शिकवताना आम्हांला वर्षानुवर्षं एक अडचण यायची. वस्तूचं सार वेगळं आणि तिला येऊन चिकटलेला आगंतुक गुण वेगळा, हा भेद मुलांच्या गळी उतरायचा नाही. आगंतुक गुणाचं ॲरिस्टॉटलचं आवडतं उदाहरण म्हणजे पांढरेपणा. माणूस गोरा असला काय, नसला काय, माणूसच राहतो. मग पांढरा कुत्रा त्याच्या जातीचा राहतो का? या प्रश्नावर युरोप-अमेरिकेत शंभर वर्षं वाद चालला, आणि तो आपल्या चांगल्या ओळखीच्या कुत्र्याबद्दल होता. आपल्याकडे जुनी मंडळी ज्याला 'अल्सेशियन' म्हणतात, तोच हा जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, म्हणून हे दुसरं नाव. ब्रिटनच्या केनेल क्लबनं मूळ नाव परत दिलं ते १९७७ साली.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत मेंढ्या हाकणारे कुत्रे मुलखामुलखाचे वेगळे होते. थुरिंगियाकडचे करडे, ताठ कानांचे. व्युर्टेम्बर्गकडचे अंगापिंडानं थोराड. धनगर कुत्रा निवडायचा तो कामावरून. मेंढरू पिकात शिरू न देता कळप रस्त्याच्या कडेनं नेतो की नाही, एवढंच तो बघायचा.

१८९९ च्या एप्रिलमध्ये माक्स फॉन स्टेफानित्झ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं कार्ल्सरुहंच्या प्रदर्शनात एक कुत्रा पाहिला आणि तिथल्या तिथं विकत घेतला. त्याचं नाव बदलून ठेवलं होरांड फॉन ग्राफराथ. त्याच महिन्यात जर्मन शेफर्डचा संघ स्थापन झाला आणि संघाच्या वंशनोंदवहीत पहिला क्रमांक होरांडला मिळाला. होरांड करडा होता. पण त्याच्या आईचा बाप, ग्राइफ नावाचा कुत्रा, पांढरा होता. हे एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

पहिल्या पिढ्यांत जुळण्या बऱ्याचशा होरांड आणि त्याच्या सग्यासोयऱ्यांमध्येच लावल्या गेल्या. नवी जात पक्की करायची तर हाच जवळचा रस्ता. त्यामुळे आजोबाचा पांढरा रंगही घराण्यात मुरला. रंगीत आईबापांना मधूनच पांढरं पिल्लू व्हायचं. स्टेफानित्झ स्वतः कामाला महत्त्व देणारे गृहस्थ. रंगावरून कुत्र्याची किंमत ठरू नये, अशीच त्यांची भूमिका होती. पण प्रदर्शनं वाढली, आणि प्रदर्शनात कळप नसतो हो! तिथं परीक्षकाला दिसतो तो रंग, पाठीचा उतार, कानांचा ताठपणा. जे मोजायला सोपं, तेच हळूहळू महत्त्वाचं होऊन बसतं. हे कुत्र्यांपुरतंच आहे असं नाही. विद्यापीठांतही आम्ही ते पाहिलं आहे.

१९३३ साली जर्मनीत पांढरा रंग प्रमाणकातून बाद झाला. ते वर्ष जर्मनीच्या इतिहासात कोणतं, हे आपल्याला सांगायला नको. तरीही सगळा दोष राजकारणावर टाकून मोकळं होणं सोपं ठरेल. तर्क कुत्रे पैदा करणाऱ्यांचाच होता : पांढऱ्यामुळे बाकीच्यांचे रंग फिके पडतात, पांढरा म्हणजे दुबळा, बहिरा, वर्णहीन. अमेरिकेतही १९६८ मध्ये पांढऱ्याला प्रदर्शनातून अपात्र ठरवलं गेलं.

आता जनुकशास्त्र काय सांगतं ते बघू. हा पांढरेपणा वर्णहीनता नव्हे. या कुत्र्याचं नाक काळं असतं, डोळे गडद असतात. केसांत गडद रंग उतरू न देणारं हे एक अप्रभावी जनुक आहे. ते आई आणि बाप दोघांकडूनही आलं तरच पिल्लू पांढरं होतं. करडा, काळा, काळा-तांबूस हे ठरवणारी जनुकं त्या पांढऱ्या कुत्र्यातही असतातच, फक्त वर पांघरूण पडलेलं असतं. हे जनुक एकट्यानं आलं, तर रंगीत कुत्र्याचा रंग त्यानं फिका होत नाही. बहिरेपणाचाही त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे आरोप शाबित व्हायच्या आधीच शिक्षा झाली होती.

पुढं गंमत अशी झाली, की हाकललेल्यांनी वेगळं घर केलं. अमेरिकेत १९६६ साली जन्मलेला लोबो नावाचा पांढरा कुत्रा स्वित्झर्लंडला गेला आणि तिथं त्याचा वंश वाढला. १९९१ मध्ये स्विस वंशनोंदवहीनं या कुत्र्यांना स्वतंत्र जात म्हणून जागा दिली. आंतरराष्ट्रीय महासंघानं २००३ मध्ये तात्पुरती आणि २०११ मध्ये कायमची मान्यता दिली. आज तो 'व्हाइट स्विस शेफर्ड'. एका प्रमाणकात जो दोष, तोच दुसऱ्या प्रमाणकात जातीचं लक्षण! रेषा फक्त कागदावर सरकली.

मग प्रमाणकं नकोतच का? असं आम्ही म्हणणार नाही. काही मर्यादा घातल्याशिवाय जात टिकत नाही, आणि प्रमाणक दुरुस्तही होऊ शकतं. लांब केसांचा जर्मन शेफर्डसुद्धा पूर्वी सदोष मानला जायचा. २०१० च्या प्रमाणकानं त्याला आत घेतलं. आमचं म्हणणं एवढंच, की नियम करणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं : हा गुण कामाचा आहे, की नुसता डोळ्यांना सवयीचा?

मराठीत 'जात' हा एकच शब्द आपण कुत्र्यांना, आंब्यांना आणि माणसांनाही लावतो. म्हणून हा इतिहास आपल्याला जरा जास्त टोचायला हवा. ज्या नोंदवहीत पहिलं नाव पांढऱ्या कुत्र्याच्या नातवाचं आहे, तीच नोंदवही पुढं त्या आजोबाच्या रंगाला परका म्हणाली. शुद्धतेच्या वहीची पानं थोडी मागं उलटली, की असा एखादा आजोबा बहुधा सापडतोच.

इथं थांबू. तुमचे प्रश्न घेऊ या.