तबेला आणि गोठा : बांधकाम-परवानगी (जुन्नर व आंबेगाव)

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत घोडे, बैल किंवा दुभती जनावरे बांधण्यासाठी पक्का निवारा उभारताना लागणाऱ्या मंजुऱ्यांचा विषय. ग्रामीण तबेल्यासाठी एकच एक परवाना असा नसतो. जमीन कोणत्या विभागात मोडते, सातबाऱ्यावर काय नोंदी आहेत आणि जनावर कशासाठी पाळले आहे, या तीन गोष्टींवर सगळे ठरते. त्यांतली तिसरी गोष्ट अर्जदार विसरतो आणि वाद बहुधा तिथूनच सुरू होतो.

या पट्ट्यात घोडा केवळ हौसेचा नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागातल्या बैलगाडा शर्यतीत गाड्याला बैलांच्या दोन जोड्या असतात आणि बारी (शर्यतीची फेरी) सुटली की त्यांच्यापुढे घोडी पळते. तिच्या मागे बैल घाट, म्हणजे शर्यतीची चढण, चढतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह त्यांना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली. तेव्हापासून शर्यतीची जनावरे पुन्हा दावणीला आली, आणि बैलांच्या शेजारी घोडीला जागा करणे ओघाने आलेच. या भागातून फिरणाऱ्या मेंढपाळांची घोडी मात्र या हिशेबात धरायची नाहीत. वाड्याचे, म्हणजे मेंढपाळांच्या तळाचे, बिऱ्हाड या घोड्यांच्या पाठीवर असते, मुक्काम कुणाच्या तरी रिकाम्या रानात, आणि बांधकाम काहीच नाही.

मूळ आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा. अवजारे, खत, चारा व पीक ठेवणे, गुरांना निवारा देणे, मालकाने व गड्याने राहणे यांसाठी शेतात उभारलेली इमारत शेतीचाच भाग मानली जाते आणि कलम ४१ प्रमाणे ती बांधण्याचा हक्क जमीनधारकाला असतो. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात मात्र आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत हे दोन्ही तालुके येत नाहीत. इथे पुणे प्रादेशिक योजना आणि डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली यांवरच भिस्त ठेवावी लागते. या नियमावलीनुसार शेती विभागात पाळीव जनावरांचे तबेले शेतीच्याच वापरात धरले आहेत. तबेल्याला लागून राहायचे घर काढले की शेतघराचे नियम लागतात आणि त्यासाठी किमान ०.४० हेक्टर जमीन असावी लागते. तबेल्याच्या नावाखाली बंगला चढवायचा, ही युक्ती नकाशा तपासणाऱ्याला नवी नाही.

गुरांच्या गोठ्याला सरकार पैसेही देते. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतून दोन ते सहा जनावरांच्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपये मिळतात आणि त्याचे मोजमापही ठरलेले आहे : लांबी ७.७० मीटर, रुंदी ३.५० मीटर, म्हणजे २६.९५ चौरस मीटर. आत गव्हाण, २५० लिटरचे मूत्रसंचय टाके आणि २०० लिटरची पाण्याची टाकी. योजनेतला हा गोठा गाय-म्हशींसाठी आहे. घोडीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. गंमत अशी, की कोंडवाड्याच्या १८७१ च्या कायद्यात ‘गुरे’ म्हटले की घोडा, शिंगरू, एवढेच काय हत्ती आणि उंटही त्यात आले. अनुदान देताना सरकारचा हात एवढा सैल नाही.

भाड्याने घोडेस्वारी किंवा रिसॉर्टला जोडलेली पागा असेल तर प्रकरण वेगळे. २०१८ मध्ये जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि शिवनेरी, लेण्याद्री, माळशेज पाहायला येणाऱ्यांसाठी अशा सोयी काढण्याची चढाओढ लागली. तिकीट लावून चालणारी पागा शेतीचा भाग आहे असे म्हणणे अवघड. तिथे अकृषिक वापराचा प्रश्न येतो आणि परवानगीशिवाय तसा वापर केला तर दंडाची तरतूद आहे. बाहेरच्या माणसाला तर आधीच अडसर असतो : तो शेतकरी नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीनच घेता येत नाही. पश्चिमेकडच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत महादेव कोळी, ठाकर कुटुंबांच्या जमिनी आहेत. बिगरआदिवासीला अशी जमीन घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची आणि खरेदीच्या बाबतीत राज्य सरकारचीही पूर्वमंजुरी लागते. हे टाळण्यासाठी विसार आणि कुलमुखत्यारपत्रावर भागवले जाते. तबेला उभा राहतो, पण सातबाऱ्यावर मालक दुसराच असतो.

संरक्षित मुलखाचे थर एकावर एक चढलेले आहेत. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र १३०.७८ चौरस किलोमीटर. त्याच्या भोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात स्थानिकांना आपल्या जमिनीवर आपल्या गरजेपुरते बांधता येते. व्यापारी बांधकामाला मात्र कडक अटी असतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा, ज्याची पहिली आवृत्ती मार्च २०१४ ची व अलीकडची जुलै २०२४ ची, २०,००० चौरस मीटर व त्यापुढच्या बांधकामांना रोखू पाहतो. गोठा त्याच्या आसपासही जात नाही. त्याच्या नावाने गावोगाव घेतलेली धास्ती अनाठायी आहे. खरा अडथळा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात असतो. तिथे वन किंवा खाजगी वन अशी नोंद असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आड येतो आणि प्रकरण तहसीलदाराच्या हाताबाहेर जाते.

जुन्नर शहराभोवती आणखी एक अडचण आहे. मानमोडी, तुळजा, लेण्याद्री, शिवनेरी येथील लेणी केंद्र संरक्षित आहेत. स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीनेच. डोंगरपायथ्याच्या मळ्यातला साधा पत्र्याचा गोठाही यातून सुटत नाही. शिवनेरी तर जुलै २०२५ पासून मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे.

एवढे कागद जमवल्यावरही तबेल्याची परीक्षा बिबट्याच घेतो. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या स्थिरावला. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र त्याच परिस्थितीतून आले. इकडचा जुना गोठा कमरेइतक्या भिंतीचा, वर पत्रा, मधे मोकळी हवा. त्या फटीतून बिबट्या सहज आत उतरतो आणि दावणीला बांधलेल्या वासराला किंवा शिंगराला पळायला जागा नसते. म्हणून वनखाते बंदिस्त गोठ्याचा आग्रह धरते : भिंत आणि पत्रा यांच्यामधे जाळी, दाराला आतून-बाहेरून घट्ट कडी, रात्री दिवा. घोडीसाठी छप्पर उंच घ्यावे लागते, त्यामुळे जाळीही जास्त लागते. जाळीमुळे वारा अडत नाही, हे बांधणाऱ्या गवंड्याला सांगून ठेवावे. नाहीतर तो विटांनीच सगळे बंद करतो आणि उन्हाळ्यात आत जनावर धापा टाकते.