चकला बाजार ते मोबाईल : वेश्याव्यवसायाचे कायदे आणि जागेचा प्रश्न

'चकला' हा शब्द उर्दूच्या विद्यार्थ्यांना शिकवताना थोडे अडखळायला होते. मोगल महसुली व्यवस्थेत चकला म्हणजे काही परगण्यांचा मिळून झालेला विभाग. गुजरातीत चकलो म्हणजे रस्ते एकत्र येतात तो चौक. आणि उर्दू-हिंदी बोलीत चकला म्हणजे वेश्यावस्ती. तिन्ही अर्थ जागेचेच आहेत. 'तवायफ' या शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. अरबीत 'ताइफा' म्हणजे समूह, त्याचे अनेकवचन 'तवाइफ'. जो शब्द मुळात मेळ्यांचा होता तो कालांतराने एकेकट्या बाईला चिकटला.

ही शब्दचर्चा करण्याचे कारण सुरतेतला चकला बाजार. येथील वेश्यावस्ती पोलिसांनी बंद पाडली, तेव्हा तेथील स्त्रियांच्या वतीने सहयोग महिला मंडळ गुजरात उच्च न्यायालयात गेले. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यातील तरतुदींनाच त्यांनी आव्हान दिले होते. उपजीविकेचा आणि खासगी आयुष्याचा हक्क हा त्यांचा मुख्य आधार होता. 2004 साली न्यायालयाने तो अमान्य केला आणि कायदा वैध ठरवला. निकालाची चर्चा नीतीच्या अंगाने पुष्कळ झाली. परंतु प्रस्तुत लेखकाला त्यात महत्त्वाचा वाटतो तो जागेचा प्रश्न.

या कायद्याविषयी सुशिक्षितांमध्येही मोठा गैरसमज आहे. प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा भारतात स्वतःहून गुन्हा नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे. प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय करणेही गुन्हा आहे. सुरतेसारख्या जुन्या शहरात मशीद, मंदिर, देरासर आणि शाळा सोडून दोनशे मीटर मोकळे कोठे सापडणार? 'कुंटणखाना' या शब्दाची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. दोन स्त्रियांनी परस्परांच्या फायद्यासाठी एक खोली वापरली तरी ती खोली कुंटणखाना ठरते. म्हणजे ज्या एकट्या राहतील त्या कायद्यात बसतील, आणि सोबतीने, थोड्या सुरक्षित राहतील त्या बाहेर पडतील.

ही दृष्टी आली कोठून? 1868 साली ब्रिटिश सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून स्त्रियांची पोलिसांकडे नोंद करायची आणि त्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करायची. मुंबईत तो 1870 मध्ये लागू झाला, 1872 मध्ये थांबला, 1880 मध्ये पुन्हा आला आणि 1888 मध्ये रद्द झाला. तपासणी स्त्रीची होत असे, तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषाची नाही. पुढे 1917 मध्ये डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात अकुताई नावाच्या स्त्रीचा, तिने पळून जाण्याचा प्रयत्न केल्यावर, छळ करून खून झाला. या प्रकरणाने मुंबई हादरली. 1923 साली मुंबई इलाख्याने वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा केला. अकुताईला हवी होती ती दाराबाहेर पडण्याची मोकळीक. तेव्हापासून आजपर्यंतचे कायदे दार बंद करण्यात जास्त गुंतलेले दिसतात.

स्वातंत्र्यानंतर 1956 चा कायदा आला आणि 1 मे 1958 पासून अमलात आला. त्याच दिवशी अलाहाबादमध्ये हुस्नाबाई या तरुणीने उच्च न्यायालयात अर्ज केला. कायद्याच्या विसाव्या कलमाने मॅजिस्ट्रेटला वेश्येस एखाद्या ठिकाणाहून हद्दपार करण्याचा अधिकार दिला आहे. हुस्नाबाईचे म्हणणे असे की घटनेने मला व्यवसायाचे आणि देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि माझ्या कमाईवर माझे धाकटे भाऊ जगतात. अर्ज फेटाळला गेला. 1963 मध्ये कानपूरच्या कौशल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विसावे कलम वैध ठरवले. हुस्नाबाईचे भाऊ अठरा वर्षांवरील असते तर चौथ्या कलमाप्रमाणे बहिणीच्या कमाईवर जगल्याबद्दल तेच आरोपी झाले असते. हे कलम दलालांसाठी लिहिले गेले, पण म्हातारी आई आणि कॉलेजात जाणारा मुलगाही त्याच्या शब्दांत बसतात.

1986 मध्ये कायद्याचे नाव बदलले, काही शिक्षा वाढल्या. आठव्या कलमात गिऱ्हाईक बोलावणाऱ्या स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. यावर भाष्याची गरज नाही.

सुरतेचा निकाल लागला त्याच वर्षी, जून 2004 मध्ये, गोव्यात वास्कोजवळील बायणा किनाऱ्यावरची वस्ती ऐन पावसाळ्यात पाडण्यात आली. त्यापूर्वी 2003 मध्ये उच्च न्यायालयाने तेथील स्त्रियांना हलवण्याचा आणि त्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला होता. बुलडोझर आले, पुनर्वसन मागे राहिले. तेथे कर्नाटक-आंध्रातून आलेल्या पुष्कळ स्त्रिया होत्या आणि एचआयव्ही प्रतिबंधाचे कामही वस्तीतच चालत असे. वस्ती गेली की कार्यकर्त्यांनी निरोध कोणाच्या हातात द्यायचा? 2005 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डान्सबार बंद झाले. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कायद्याच्या लढाईत मालकांची संघटना जिंकली खरी, पण नाचणाऱ्या मुलींची आठ वर्षे त्यात गेली.

आमचे पलसाणे सुरतेच्या दक्षिणेस, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. कडोदऱ्यापर्यंत प्रोसेसिंग मिल आणि यंत्रमाग. खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे या पट्ट्यात पुष्कळ. एकटी बाई खोली मागायला आली की घरमालक दहा प्रश्न विचारतो आणि बहुधा नाहीच म्हणतो. त्याच्या संकोचाला कायद्याचेही पाठबळ आहे, कारण कुंटणखान्यासाठी जाणूनबुजून जागा देणारा मालकही शिक्षेस पात्र ठरतो. चकला बाजारात न गेलेल्या, मिलमध्ये धागे कापणाऱ्या बाईलाही या कायद्याची सावली लागते ती अशी.

आपल्या वाचकांपैकी काही म्हणतील की जे हराम आहे त्याच्या बाजूने कशाला लिहायचे? जिनाविषयी शरीयतची भूमिका स्पष्ट आहे आणि प्रस्तुत लेखकाचे तिच्याशी दुमत नाही. मात्र सूरह नूरच्या तेहेतिसाव्या आयतीत दासींना ऐहिक लाभासाठी या मार्गावर लोटण्याची मनाई आहे, आणि जिच्यावर सक्ती झाली तिच्यासाठी अल्लाह क्षमाशील असल्याचे तेथेच सांगितले आहे. दोष लोटणाऱ्याकडे आहे. आपल्या कायद्याची अंमलबजावणी पाहिली की हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो.

आता जागाच बदलली आहे. खोलीच्या ठिकाणी मोबाईल आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने 67-अ हे कलम आले आणि 2009 पासून लागू झाले. लैंगिक कृतीचे उघड चित्रण प्रसारित केल्यास पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. चित्रण कोणाचे, कोणाच्या संमतीने, हे त्या कलमाच्या शब्दांत कोठेही येत नाही. संमतीचा विचार 66-ई कलमात आहे. एखाद्याच्या खासगी अवयवांचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय काढले वा पसरवले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. स्वतःचे चित्र स्वतः विकणारी बाई 67-अ मध्ये सापडू शकते. मग ब्लॅकमेल करणाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला ती पोलीस चौकीत कशी जाणार? अमेरिकेत एप्रिल 2018 मध्ये संकेतस्थळांनाच जबाबदार धरणारा कायदा झाला. तेथील स्त्रियांच्या संघटनांनीही हीच तक्रार केली. गिऱ्हाईक आधी पारखून घेण्याची सोय गेली आणि रस्त्यावर उभे राहणे आले.

19 मे 2022 रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात, छाप्यात सापडलेल्या प्रौढ, स्वेच्छेने हे काम करणाऱ्या स्त्रीला अटक वा दंड करू नये, ही समितीची शिफारस नमूद आहे. मूळ खटला कोलकात्यात 1999 मध्ये झालेल्या एका वेश्येच्या खुनाचा होता. त्याच आदेशात आधार कार्डाचाही मुद्दा आहे. या स्त्रियांकडे राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा मागू नये, एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र पुरेसे धरावे, आणि कार्डावर व्यवसाय ओळखू येईल अशी कोणतीही खूण असू नये.