निळ्या झाकणाखालचा इतिहास : डिझेल गाडी, युरियाची टाकी आणि भुर्दंड कोणी सोसायचा याचा वाद

१/ डिझेल गाड्यांच्या इंधनाच्या झाकणाशेजारी अलीकडे आणखी एक निळे झाकण दिसते. त्यात डिझेल नव्हे, तर युरिया आणि शुद्ध पाणी यांचे रंगहीन द्रावण भरतात. युरोपात त्याला ‘ॲडब्लू’ म्हणतात. आपल्या पंपांवर ‘डीईएफ’ किंवा नुसते ‘युरिया’. मोटारीला हजार किलोमीटरमागे साधारण लिटर-दीड लिटर पुरणारे हे द्रावण. मात्र त्याची टाकी केवढी असावी, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर जर्मनीतील बलाढ्य कंपन्यांनी वर्षानुवर्षे संगनमत केले आणि पुढे कोट्यवधी युरोंचा दंड ओढवून घेतला. मित्रहो, त्या टाकीचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रारंभ मोटारीच्या जन्माआधीचा आहे. १८२८ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिश व्होलर या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला. तोवर हा पदार्थ मूत्रातूनच मिळत असे आणि सजीवांच्या देहातील पदार्थ माणसाला निर्जीव द्रव्यांपासून घडवता येणार नाहीत, अशी अनेक विद्वानांची धारणा होती. मूत्रपिंडाच्या साहाय्याविना आपण युरिया बनवू शकतो, असे व्होलरने आपले गुरू बर्झेलियस यांना पत्राने कळवले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या इतिहासातील हा मैलाचा दगड होय.

३/ प्रयोगशाळेतील चिमूटभर युरियाचे कारखान्यातील ढीग होण्यास जवळजवळ शतक लागले. फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया मिळवण्याची रीत शोधली. कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली. १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे अमोनियाचे उत्पादन सुरू झाले. १९२२च्या सुमारास अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून युरिया बनवण्याची बॉश-मायझर पद्धत आली. आज शेतात पडणारा युरिया, मग तो आपल्या तुर्भे-थळच्या कारखान्यांतला का असेना, मूलतः याच रसायनक्रियेतून येतो.

४/ याच काळात दुसरा एक धागा गुंफला जात होता. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वीपणे चालले. ठिणगीची गरज नाही. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. या युक्तीने इंधनाची मोठी बचत झाली. पण त्या प्रखर उष्णतेत हवेतलाच नत्र आणि प्राणवायू यांचा संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. म्हणजे हा दोष इंधनातील भेसळीचा नव्हे; ज्या उष्णतेमुळे इंजिन काटकसरी ठरते, तिच्याच पोटी तो जन्मतो.

५/ ही ऑक्साइडे किती घातक आहेत, हे उमगण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे तपकिरी धुरके पसरत असे. १९५०च्या दशकात आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. वाहनांतून व कारखान्यांतून निघणारी न जळालेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. उंच आकाशात आपले रक्षण करणारा हा वायू श्वासातून आत गेला, तर फुप्फुसांना इजा करतो.

६/ पेट्रोल गाड्यांना उपाय सापडला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला त्रिमार्गी उत्प्रेरक एकाच डब्यात तीन प्रकारचे विषारी वायू निष्प्रभ करू लागला. डिझेलच्या बाबतीत मात्र तो लंगडा पडतो. डिझेल इंजिनाच्या धुरात प्राणवायू मुबलक उरतो आणि त्याच्या उपस्थितीत ऑक्साइडांतून नत्र मोकळा करण्याचे काम हा उत्प्रेरक करू शकत नाही. तेव्हा डिझेलसाठी बाहेरून एखादे मदतनीस द्रव्य आणणे भाग होते.

७/ ते द्रव्य म्हणजे अमोनिया. योग्य उत्प्रेरकावर अमोनिया आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र आली की दोहोंचा निरुपद्रवी नत्र आणि वाफ होते. या पद्धतीला संक्षेपाने ‘एससीआर’ म्हणतात. अमेरिकेत १९५७ साली तिचे एकस्व घेतले गेले. १९७०च्या दशकात जपानने ती वीजकेंद्रांच्या धुराड्यांत प्रत्यक्ष राबवली. पण रस्त्यावर धावणाऱ्या वाहनात विषारी अमोनियाची टाकी कोण ठेवणार? येथे व्होलरचा युरिया कामी आला. तो हाताळण्यास सुरक्षित आणि तप्त धुरात फवारताच त्यातून अमोनिया मोकळा होतो.

८/ द्रावणात युरियाचे प्रमाण ३२.५ टक्के ठरले, त्यामागेही कारण आहे. याच प्रमाणात ते सर्वांत कमी तापमानाला, म्हणजे उणे ११ अंशांना गोठते. शिवाय गोठताना व वितळताना त्याची तीव्रता बदलत नाही. युरोपातील हिवाळ्यासाठी टाकीत तापक बसवावा लागला. पंप, फवारा, उत्प्रेरक, संवेदक असा सारा सरंजाम जोडला गेला. थोडक्यात, द्रावण स्वस्त. ते सांभाळणारी यंत्रणा महाग.

९/ प्रथम हे ओझे ट्रकांनी उचलले. जपानमध्ये २००४ साली आणि युरोपात २००५च्या सुमारास युरियावर चालणारी एससीआर यंत्रणा असलेले ट्रक बाजारात आले. ट्रकमालकाचा हिशेब रोखठोक असतो. धूर बाहेर स्वच्छ होणार असल्याने इंजिन अधिक काटकसरीने जुळवता येत होते. डिझेलमध्ये वाचलेल्या पैशांतून युरियाचा खर्च बऱ्याच अंशी निघत असे. रोज टाकी भरणाऱ्या चालकाला आणखी एक टाकी भरणे जडही नव्हते.

१०/ खासगी मोटारीचा मालक निराळा. पंधरा किलोमीटरचे ॲव्हरेज देणारी गाडी हजार किलोमीटरला सुमारे ६५ लिटर डिझेल पिते. त्यापुढे दीड लिटर युरिया म्हणजे दर्यामे खसखस. तरीही कंपन्यांना धास्ती होती ती या नव्या कटकटीची. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ग्राहकाला द्रावण भरावे लागले तर तो कुरकुरेल. टाकी मोठी करावी तर डिक्कीची जागा जाते, वजन आणि खर्च वाढतो. टाकी लहान ठेवावी तर फवारा पुरेसा हवा आणि द्रावणही पुरायला हवे, हे दोन्ही साधत नाही. या पेचातून पुढचे सारे महाभारत घडले.

११/ २०१३ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहान चमूने तीन डिझेल गाड्यांना मोजमापाची यंत्रे जोडून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या. फोक्सवॅगन जेट्टाने मर्यादेच्या १५ ते ३५ पट, तर पसाटने ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइडे सोडली. तिसरी गाडी, बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह, मात्र बहुतेक प्रवासात मर्यादेत राहिली. पसाट आणि एक्स-फाइव्ह या दोहोंत युरियाची यंत्रणा होती, हे ध्यानात घ्यावे. अर्थात दोष तंत्रज्ञानाचा नव्हता. ते वापरले की ते काम करत होते.

१२/ १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर आरोप जाहीर केला. सरकारी चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतेच धूर शुद्ध करणारे सॉफ्टवेअर गाड्यांत दडवले होते. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. ऑडीने विकसित केलेल्या तीन लिटर इंजिनांबाबत न्यायालयापुढे आलेली हकिकत तर थेट आपल्या टाकीची आहे : सुमारे १६,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगपर्यंत द्रावण पुरावे, म्हणून रस्त्यावर त्याचा फवाराच कमी केला जात असे. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ४३० कोटी डॉलरचा दंड मान्य केला.

१३/ प्रकरण येथे थांबले नाही. ८ जुलै २०२१ रोजी युरोपीय आयोगाने निर्णय दिला की डाइमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह यांनी २००९ ते २०१४ या काळात युरियाच्या टाकीचे आकारमान, ती किती किलोमीटर पुरावी आणि सरासरी किती द्रावण खर्ची पडावे यांवर संगनमत केले. कायद्याच्या किमान अटीपेक्षा अधिक शुद्धीकरण शक्य असूनही त्यात स्पर्धा करायची नाही, असा त्याचा अर्थ. दंड सुमारे ८७ कोटी ५० लाख युरो. कटाची वर्दी स्वतःच दिल्याने डाइमलर दंडातून सुटली. चाचणी फसवणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत या कंपन्यांनी संगनमत केल्याचा पुरावा मात्र आढळला नाही, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल. तंत्रज्ञानाच्या विकासावरील संगनमत हाच कट मानून आयोगाने शिक्षा देण्याची ही पहिली वेळ होती.

१४/ वाचवलेले द्रावण गेले कोठे? हिशेबाची दुसरी बाजू मे २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आली. भारतासह ११ प्रमुख बाजारपेठांतील डिझेल वाहनांनी मर्यादेबाहेर सोडलेल्या नायट्रोजन ऑक्साइडांमुळे २०१५ या एका वर्षात सुमारे ३८,००० अकाली मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज होता. त्यात ट्रक, बस, मोटारी सर्व आले आणि सगळेच काही फसवणुकीचे फळ नव्हते. पण गाडीमालकाची कुरकुर टाळण्याचा भुर्दंड अखेर रस्त्याकडेला राहणाऱ्या, बहुधा गाडीही नसलेल्या माणसाच्या फुप्फुसांनी भरला, एवढे त्यातून स्पष्ट होते.

१५/ आता आपल्याकडे वळू. भारताने बीएस-४ वरून मधली पायरी गाळून थेट बीएस-६ मानकावर उडी घेतली. १ एप्रिल २०२० पासून ते देशभर लागू झाले. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणले गेले. त्यानंतर ट्रक, बस आणि अनेक डिझेल मोटारींत निळे झाकण आले. जर्मनीत जे उघडकीस आले, त्याचा धडा म्हणून एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीचीही अट लागू झाली.

१६/ येथे एक खास भारतीय प्रश्न उभा राहतो : शेतीचा युरिया पाण्यात कालवून का चालत नाही? २०१५ पासून आपल्या शेतीच्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. शिवाय खताला चालणारी अशुद्धी उत्प्रेरकाला चालत नाही. नळाच्या पाण्यातील क्षारही फवाऱ्याचे तोंड बुजवतात. चार पैसे वाचवायला जावे तर हजारोंची यंत्रणा निकामी होते. वर शेतकऱ्याच्या अनुदानावर डल्ला पडतो तो वेगळाच. द्रावण उन्हातही ठेवू नये. ३० अंशांखाली ते वर्षभर टिकते; विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. तांबे-पितळेच्या भांड्यात ते कधीच साठवू नये.

१७/ हे द्रावण संपले तर? कायद्याने गाडीलाच पहारेकरी नेमले आहे. युरोपच्या नियमांनुसार मोटारीने किमान २,४०० किलोमीटर आधी इशारा द्यायचा आणि टाकी कोरडी पडली की बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होऊ द्यायचे नाही. या सक्तीचा परिणाम २०२१ साली दक्षिण कोरियाने अनुभवला. देशातील युरिया उत्पादन दशकभरापूर्वीच थांबले होते आणि औद्योगिक युरिया जवळजवळ सगळा चीनमधून येई. ऑक्टोबरमध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध आणले आणि मालवाहतूक ठप्प होण्याची वेळ आली. मोटारीला एका वेळी १० लिटर, ट्रकला ३० लिटर अशी मर्यादा घातली गेली. अखेर हवाई दलाचे विमान ऑस्ट्रेलियाला धाडून सुमारे २७,००० लिटर द्रावण आणावे लागले. खताच्या राजकारणावर एका राष्ट्राची वाहतूक अवलंबून असू शकते, हे तेव्हा जगाला कळले.

१८/ इतिहासाचा अभ्यासक शोधांच्या तारखा लक्षात ठेवतो. देखभालीचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. या प्रकरणात शोध सारे हाताशी होते : व्होलरचा युरिया, हाबर-बॉश यांचा अमोनिया, जपानी अभियंत्यांचा अनुभव. अडले ते टाकी वेळेवर कोणी भरायची आणि तिचा खर्च कोणाच्या खात्यात मांडायचा, येथे. खर्च टाळल्याने नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या माथी जातो. ३८,००० हा आकडा त्याचीच नोंद आहे. पुढच्या वेळी पंपावर कोणी निळे झाकण उघडताना दिसला, तर त्या दीड लिटरमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, हे शेजारच्या मित्राला जरूर सांगा.

(समाप्त)